दोनच सीटांची गाडी

रविवारी सकाळी आठ वाजता हॉवर्ड ऑल्डरसन अंगणात सगळ्यांच्या गाड्या धूत होता, आणि ते खिडकीतून बघताना ग्लेनिसच्या हातातला बटाटा सोलायचा राहिला होता.

पंचेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसानं स्वतःचा कप कधी विसळला नव्हता. आज मात्र बादली आणि फडकं घेऊन तो मुलीच्या गाडीभोवती फिरत होता. मुलाची गाडी धुऊन झाली होती, बहिणीची लाल गाडी अजून रांगेत होती. प्रत्येक गाडीपुढे तो गुडघे टेकून बसे, नाक लागेल इतका वाकून नंबरपाटी पुसे, पुन्हा पुसे, आणि पुसताना ओठ हलवत राही. चर्चमध्ये प्रार्थनेलाही हा माणूस इतका वाकत नसे.

"बाबा माझी गाडी धुतायत?" फिलिपा झग्याचा पट्टा बांधत स्वयंपाकघरात आली. "हे कसलं प्रायश्चित्त?"

"टॅम्झिनचा वाढदिवस आहे ना. नात नऊ वर्षांची झाली म्हणून खुशीत आहे," ग्लेनिस म्हणाली आणि बटाटा भराभर सोलायला लागली. खोटं बोलताना तिच्या हातांना वेग येत असे.

"गाडी धुतली म्हणून मी विरघळणार नाही हं. गुरुवारी फोनवर सांगितलं तेच. वीस मीटरवरून नंबर वाचायचा. वाचला तर टॅम्झिन त्यांच्या गाडीत बसेल, नाही वाचला तर नाही. कायदाच आहे तो, मी काही मनचं काढलेलं नाही. इस्टरला आलो होतो तेव्हा त्यांनी दूध कपाच्या शेजारी ओतलं, आई. शेजारी! आणि तू लगेच फडकं घेऊन धावलीस."

"मग टेबल पुसायला नको?"

"तू पुसतेस म्हणून कुणाला काही कळत नाही."

फिलिपा लीड्सच्या एका शाळेत उपमुख्याध्यापिका होती आणि तिची शाळा रविवारीही सुटत नसे. ग्लेनिसला तिचा संताप आला. मुलगी चुकत असती तर इतका आला नसता.

हॉवर्डची ही गाडी घरात आली तीच मुळी कुणाला न विचारता. तीन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये हॉवर्ड बियाण्याचे बटाटे आणायला हॅरोगेटला गेला आणि संध्याकाळी १९६४ सालची हिरवी लेव्हन घेऊन आला. एका विधवा बाईनं नवऱ्याची गाडी चांगल्या घरी जावी म्हणून विकायला काढली होती, आणि हॉवर्डनं आपलं घर चांगलं आहे असं परस्पर ठरवून टाकलं. बटाटे राहिले ते राहिलेच. तारांच्या चाकांची, कापडी टपाची, दोन सीटांची ती गाडी, अगदी त्याच्या वडिलांकडे होती तशी. थोरल्या ऑल्डरसननी ती विकली तेव्हा हॉवर्ड वीस वर्षांचा होता आणि त्याला कुणी विचारलं नव्हतं. या घराण्यात विचारायची पद्धतच नव्हती.

ग्लेनिस आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही. मग एप्रिलमधल्या एका रविवारी तिनं डोक्याला रुमाल बांधला आणि डावीकडच्या सीटवर जाऊन बसली. सीट इतकी खाली की आपण रस्त्यावरच बसलोय असं वाटे. इंजिनची धग पायांना लागे, वारा कानात शिरे, आणि दगडी बांधांच्या मधून गाडी डेलच्या, म्हणजे खोऱ्याच्या, वरच्या अंगाला चढायला लागली की कोकरांचा, ओल्या गवताचा आणि तापल्या तेलाचा वास एकदमच नाकात जाई. समोरून दुसरी जुनी गाडी आली की चालवणारा हात वर करी, हॉवर्डही करी. ओळख असो नसो. सरी आल्या तरी टप वर करायचा नाही, थांबल्यावरच करायचा, हा त्या सगळ्या वेड्यांचा नियम. ग्लेनिस भिजत, कुरकुरत घरी येई. पण एकही रविवार तिनं चुकवला नाही.

आणि मग मागच्या सप्टेंबरमध्ये एका तिठ्यावर ती "थांब!" म्हणून ओरडली होती. हॉवर्ड थांबला. दुधाचा टँकर त्यांच्या नाकासमोरून गेला, इतक्या जवळून की तिचा रुमाल उडाला.

"दिसला होता मला," हॉवर्ड म्हणाला.

"हो," ती म्हणाली.

त्या विषयावर त्या दोघांचं बोलणं झालं ते एवढंच. त्याच महिन्यात तो डोळे तपासून आला आणि "चष्मा बदला म्हणतात" असं सांगून बागेत निघून गेला. नवा चष्मा काही आला नाही. त्यानंतर ती दर रविवारी सांगत राहिली: पुढे डावं वळण, ट्रॅक्टर, मेंढी, सायकलवाला, आता हळू, आता मोकळं. हॉवर्ड तिच्या शब्दाबरोबर वळायचा, शब्दाबरोबर थांबायचा. जन्मभर ज्यानं तिचं एक वाक्य पूर्ण ऐकून घेतलं नाही तो माणूस अख्खा रविवार तिच्या तोंडाकडे कान लावून असे. हे सुख तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगण्यासारखं ते नव्हतंही.

घरच्यांना मात्र तिच्या ओरडण्याचा वेगळाच अर्थ लागला होता. नऊ वाजता चहाला सगळे टेबलाभोवती जमले आणि एड्रियननं नेहमीची नक्कल सुरू केली. चाळिशी ओलांडलेला हा मुलगा स्किप्टनमध्ये घरं विकायचा. घरं विकली जात नसत तेव्हा नकला करायचा.

"मेंढी, हॉवर्ड! मेंढी! अगं बाई, ट्रॅक्टर, हॉवर्ड!" त्यानं टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली आणि डोळे फिरवले.

टॅम्झिन खिदळली. हॉवर्डची थोरली बहीण बेरिल हसता हसता खोकायला लागली. सगळ्यांत मोठ्यानं हॉवर्ड हसला.

"आज सुटलात बाबा तुम्ही. टॅम्झिन काही ओरडत नाही."

"मी हात दाखवणार सगळ्यांना," टॅम्झिन म्हणाली. बेरिलनं तिला भावाची जुनी चामडी टोपी आणि गॉगल आणून दिला होता आणि ती दोन्ही चढवूनच टोस्ट खात होती. "आजोबा म्हणाले होते, नऊ वर्षांची झाले की जुन्या गाड्यांच्या क्लबच्या फेरीत मी त्यांच्या शेजारी. आजीच्या सीटवर. म्हणाला होतात ना?"

"शब्द दिलाय," हॉवर्ड म्हणाला. "अकराला हिरवळीवर सगळ्या गाड्या जमणार, तिथून वरच्या खिंडीपर्यंत, आणि जेवायला परत. आजी पुडिंग करतेय."

"आजी तुम्हा दोघांच्या मागून फिलिपाच्या गाडीतून येईल," ग्लेनिस म्हणाली. "किंवा पुढून. पुढूनच बरं."

"आई, बंद गाडीतून तू काय ओरडणार?" एड्रियन म्हणाला. पुन्हा हशा.

"आधी नंबर," फिलिपा म्हणाली.

"कमाल आहे तुझी! सख्ख्या बापाची परीक्षा घेतेस?" बेरिलनं कप आपटला. "आमचे वडील ऐंशीव्या वर्षापर्यंत चालवत होते. कुणाची टाप होती त्यांना विचारायची?"

"आत्या, आजोबांनी पोस्टाच्या पेटीला तीनदा धडक दिली होती," फिलिपा म्हणाली.

"पेटी चुकीच्या जागी होती ती!"

एड्रियन बापाच्या बाजूला झाला. गाडी पुढेमागे आपल्याकडेच यायची, हे तो कधी बोलून दाखवत नसे, पण तिच्या बाजूनं भांडताना त्याचा आवाज विशेष चढे. "फिलिपा, तुला काय, तो टप खाली करून फिरणारा आनंदी माणूसच बघवत नाही. नियमानं त्या गाडीलासुद्धा वर्षाची तपासणी माफ आहे, चाळिशी उलटली म्हणून. आणि सत्तरी उलटलेल्या माणसानं दर तीन वर्षांनी स्वतः लिहून द्यायचं असतं, की माझी नजर बरी आहे. बाबांनी जानेवारीत दिलंय. संपलं की!"

ग्लेनिस उठली आणि उगाचच ओव्हन उघडून मांसाकडे बघून आली. तो फॉर्म हॉवर्डनं तिच्यापुढे सरकवला होता. "बारीक छापतात हल्ली. तूच भर," म्हणाला होता. वीस मीटरवरून नंबरपाटी वाचता येते का, या प्रश्नापुढे 'होय'ची खूण तिनं स्वतःच्या हातानं केली होती, आणि सही कुठे करायची तिथे त्याचं बोट धरून नेऊन ठेवलं होतं.

साडेदहाला सगळे अंगणात आले. फिलिपानं मोजपट्टी आणली होती. पावलांवर तिचा विश्वास नव्हता. तिनं फाटकापासून वीस मीटर मोजले, खडूनं रेघ मारली आणि हॉवर्डला रेघेवर उभं केलं. पलीकडे तिन्ही गाड्या ओळीनं उभ्या, धुऊन झालेल्या.

"माझी," फिलिपा म्हणाली.

हॉवर्डनं डोळे बारीक केले. "वाय... के... एकोणीस. टी. मग आर आहे की पी? आर. झेड."

"बरोबर!" टॅम्झिन ओरडली.

"माझी घ्या," एड्रियन म्हणाला. तीही बरोबर. बेरिलची तर त्यानं वाचली आणि वर "हिची पाटी वाकडी बसवलीय" असंही सांगितलं.

ग्लेनिस दाराच्या पायरीवर उभी होती. आर की पी म्हणून अडखळण्याचं ते नाटक बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवऱ्याला खोटं बोलायला जमत नाही असं ती आजवर समजत होती.

फिलिपाचा चेहरा एकदम सैल पडला. ती बापाजवळ गेली आणि तिनं त्याला मिठी मारली. "सॉरी, बाबा. मी उगाच... मला फार भीती वाटत होती हो."

"असू दे, असू दे," हॉवर्ड तिची पाठ थोपटत म्हणाला, आणि तिच्या खांद्यावरून त्यानं ग्लेनिस जिथे उभी असावी तिकडे तोंड केलं.

टॅम्झिन केव्हाच लेव्हनमध्ये जाऊन बसली होती. हॉवर्डनं दार चाचपलं, आत बसला, चोक ओढला. इंजिन खोकलं आणि लागलं. सगळ्या अंगणात तो ओळखीचा घरघराट भरला.

"टॅम्झिन, खाली उतर," ग्लेनिस म्हणाली.

कुणाला ऐकू आलं नाही. ती पायरी उतरून गाडीसमोर येऊन उभी राहिली आणि तिनं बॉनेटवर हात आपटला. "खाली उतर म्हणते ना!"

हॉवर्डनं इंजिन बंद केलं.

"आता काय झालं?" फिलिपा म्हणाली. "आई, वाचले ना त्यांनी!"

"ती नाही जायची."

"ग्लेनिस," बेरिल म्हणाली, "नऊ वर्षांच्या पोरीशी सीटवरून भांडतेस? एक रविवार घरी राहिलीस तर काय आभाळ कोसळेल?"

"अहो आत्या, तिला शेजारी बसून ओरडायला मिळणार नाही ना!" एड्रियननं हात वर केले. "मेंढी, हॉवर्ड!"

"हो! मेंढी!" ग्लेनिस अशी ओरडली की पलीकडच्या कुरणातल्या खऱ्या मेंढ्यांनीही माना वर केल्या. "कारण तिथे मेंढी असते, एड्रियन! ट्रॅक्टर म्हणते तेव्हा ट्रॅक्टर असतो! इतके महिने हसताय. एकानं, एकानं तरी विचारलं का, की ही बाई एवढी बोंबलते कशासाठी? मला हौस आहे? घसा बसतो माझा दर रविवारी!"

एड्रियननं वर केलेले हात खिशात घातले.

"पाय त्याचे, हात त्याचे, डोळे माझे. अशी चालते ती गाडी. आणि सीटा आहेत दोनच. एकीवर ही बसली तर मी कुठे बसू?"

"पण आत्ता नंबर..." एड्रियनचा आवाज खाली आला.

"सकाळी गाड्या कुणी धुतल्या?"

फिलिपानं आपल्या गाडीच्या पाटीकडे बघितलं. बाकीच्या गाडीवर साबणाचे ओघळ तसेच वाळले होते. पाटी तेवढी चकचकीत होती.

"आणि फॉर्म?" तिनं हळूच विचारलं.

"मी भरला. खूण मी केली."

"आई! गुन्हा आहे हा!"

"माहीत आहे. वाचता येतं मला. आमच्या दोघांत एकाला तरी येतं."

इतका वेळ हॉवर्ड स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होता. आता त्यानं किल्ली काढली. "उतर, बाळ," तो म्हणाला. "आजी खरं सांगतेय."

टॅम्झिननं गॉगल कपाळावर सरकवला. "तुम्हाला दिसत नाही?"

"कडेकडेचं दिसतं. मधलं नाही दिसत."

"मी मधे आहे?"

"हो."

टॅम्झिन सीटवर दाराच्या बाजूला सरकली. "आता?"

फिलिपानं तोंडावर हात ठेवला. हॉवर्डनं नातीच्या डोक्यावरची टोपी शोधून नीट केली आणि दार उघडून बाहेर आला.

पुढची दहा मिनिटं या घरात अशा वेळी जे होतं तेच झालं. ज्यांचं काही गेलं नव्हतं ते सगळे एकदम बोलायला लागले. एड्रियननं "मग फेरी मीच मारून आणतो, पोरीचा विरस नको," असं म्हणत बापाच्या हातातली किल्ली घेतली, आणि ती इतक्या चटकन घेतली की बेरिल त्याच्यावर उखडली. "गिधाडा! हात थंड तरी होऊ दे त्याचे!" फिलिपा आत्याला म्हणाली की बाबांना ऐंशीपर्यंत चालवायला तुम्हीच फूस देत होता. आत्या म्हणाली की माझ्या भावाच्या घरात काय चाललंय ते त्याची बायको लपवत असेल तर मी काय करू. मग दोघींचं एकमत झालं की सगळी चूक ग्लेनिसची आहे. ग्लेनिसनं ते मान्य करून टाकलं, तेव्हा भांडायला कुणी उरलं नाही.

शेवटी टॅम्झिन मामाबरोबर गेली. "ताशी तीस मैलांच्या वर गेलास तर मी तुझी बहीण नाही," असं बजावून फिलिपा स्वतःची गाडी घेऊन मागोमाग निघाली. बेरिल मांस करपेल म्हणून आत गेली; खरं तर डोळे पुसायला गेली.

अंगणात दोघंच उरले. हॉवर्ड भिंतीजवळच्या बाकावर बसला. लांब चढावर लेव्हनचा आवाज येत होता; एड्रियननं गिअर उशिरा बदलला तेव्हा हॉवर्डच्या कपाळावर आठी पडली. आवाज टेकडीआड गेला. ग्लेनिस त्याच्या शेजारी बसली, ती काही त्यानं बोलावलं म्हणून नव्हे.

"घरात सांगायचं होतंस," तो म्हणाला. "मला एकट्याला."

"घरात तू ऐकतोस कधी? गाडीत ऐकायचास."

"गाडीत ऐकायचो," तो म्हणाला. "त्या टँकरच्या दिवशी काहीच दिसलं नव्हतं मला. मनात म्हटलं, संपलं. आता ही म्हणेल बस्स, आणि मी किल्ली ठेवून देईन. पण पुढच्या रविवारी बाहेर येतो तर तू माझ्या आधी गाडीत बसलेली. मी म्हटलं, हिला चालतंय तर चालू दे. तू ओरडली नसतीस ना ग्लेनिस, तर मी तेव्हाच थांबलो असतो."

"ठाऊक होतं मला."

"काय ठाऊक होतं?"

"हेच. मी गप्प बसले तर तू थांबशील. म्हणून गप्प बसले नाही." तिनं ते एका दमात सांगितलं, कारण दम घेतला असता तर पुढचं आलं नसतं. "मला ते रविवार हवे होते, हॉवर्ड. तुझ्याइतकेच. एखाद्या सायकलवाल्याचा जीव गेला असता तरी मला हवेच होते, अशी झाले होते मी. आज ती पोर तिथे बसली म्हणून शुद्धीवर आले. तू गाड्या धुतल्यास म्हणून मला तुझा राग यावा, आणि मी? मी तर महिनोन्महिने..."

हॉवर्डनं मान वळवली, पण तिच्याकडे नाही. तो पलीकडच्या बांधाकडे टक लावून बघत राहिला. आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट आपण याला सांगतोय आणि हा माणूस बांध बघतोय, या विचारानं ग्लेनिसचा पुन्हा पारा चढला.

"निदान आता तरी माझ्याकडे बघशील?"

"तुझ्याकडेच बघतोय," तो म्हणाला.